कोपऱ्यातला स्कोअर

बॅडमिंटन बघायला बसलं की नजर शटलवर असते. नेदरलँड्समधल्या आल्मेरेच्या टॉपस्पोर्टसेंट्रममध्ये मी ती मुद्दाम पंचांच्या बोटावर ठेवली. खुर्चीवरच्या पंचांपुढे टॅब्लेट असतो. रॅली संपते, रेषेवरचा पंच शटल आत की बाहेर ते दाखवतो, खुर्चीवरून गुण पुकारला जातो आणि बोट काचेवर टेकतं. त्या एका टिचकीने कोर्टालगतचा फलक बदलतो आणि टीव्हीच्या पडद्याच्या कोपऱ्यातली स्कोअरची पट्टीही. आपल्याकडे जिमखान्यांच्या स्पर्धांत पंच कागदावर पेन्सिलीने गुण लिहीत आणि आकड्यांची पानं उलटायला एखादं पोरगं बसवलेलं असे. त्याचं लक्ष उडालं की प्रेक्षकच ओरडायचे.

२०१९च्या ऑक्टोबरात इथे डच ओपनची अंतिम लढत झाली. लक्ष्य सेन विरुद्ध जपानचा युसुके ओनोडेरा. फोनवर थेट प्रक्षेपणही लावून ठेवलं होतं, पण ते काही सेकंद मागे. सभागृहात टाळ्या वाजून जायच्या आणि फोनमध्ये त्याच रॅलीची सर्व्हिस व्हायची. लक्ष्यने पहिला गेम १५-२१ असा घालवला आणि पुढचे दोन २१-१४, २१-१५ असे घेतले. तिसऱ्या गेममध्ये कुणाचे तरी ११ गुण झाले की खेळाडू बाजू बदलतात. जवळचा लांब जातो, लांबचा जवळ येतो. पट्टीवरची नावं मात्र जागची हलत नाहीत. नेमकं तेव्हाच टीव्ही लावणाऱ्याने कोण कुठला ते कसं ओळखावं? नावाशेजारी शर्टाच्या रंगाचा एक ठिपका दिला तर काम भागेल.

पट्टी कायमची पडद्यावर असणं ही तशी अलीकडची गोष्ट. दूरदर्शनवर क्रिकेट बघताना धावसंख्या षटक संपल्यावर उगवायची, तोवर समालोचकाच्या तोंडाकडे कान. उशिरा आलेला माणूस दारातूनच विचारायचा, ‘स्कोअर काय?’ इंग्लंडमध्ये १९९२ साली स्काय स्पोर्ट्सच्या डेव्हिड हिल यांनी प्रीमियर लीगच्या सामन्यांत घड्याळ आणि गोल कायम कोपऱ्यात ठेवले. वरिष्ठांना ते मूर्खपणाचं वाटलं, काढून टाका म्हणाले. हिल बधले नाहीत. १९९४च्या फुटबॉल विश्वचषकात अमेरिकी वाहिन्यांनी तशाच चौकटीशेजारी प्रायोजकाचं चिन्ह बसवलं. फुटबॉलचा खेळ मध्ये थांबत नाही, मग जाहिरात दाखवायची कधी, हा त्यांचा प्रश्न तिथे सुटला. पट्टी टिकली ती प्रेक्षकांच्या सोयीमुळे तशी या पैशामुळेही.

बॅडमिंटनची पट्टी मात्र नियमांनी घडवली. प्रकाश पदुकोण यांनी १९८०मध्ये लिम स्वी किंगला १५-३, १५-१० असं हरवून ऑल इंग्लंड जिंकलं, तेव्हा गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्याला मिळे. त्या १५-३मध्ये किती रॅली नुसत्या सर्व्हिस पालटण्यात गेल्या, ते आकड्यांवरून कळत नाही. २००६पासून २१ गुणांची पद्धत आली, प्रत्येक रॅलीला गुण मिळू लागला आणि पट्टीवरचा आकडा रॅलीगणिक हलायला लागला.

याच आल्मेरेत २०१४ साली आणखी एक प्रयोग झाला. ११ गुणांचे गेम, पाचपैकी तीन जिंकायचे. अजय जयरामने इंडोनेशियाच्या इहसान मौलाना मुस्तोफाला हरवून विजेतेपद मिळवलं ते १०-११, ११-६, ११-७, १-११, ११-९ असं. चौथ्या गेममध्ये एकच गुण आणि तरी सामना खिशात! १०-१० झालं की पुढचा गुण निर्णायक, म्हणून तो १०-११. पाच गेम म्हणजे तीनऐवजी पाच खाने. त्यात दोन लांबलचक नावं बसवायची म्हणजे अक्षरं बारीक करणं आलं. जागतिक संघटनेत ही पद्धत २०१८मध्ये आणि पुन्हा २०२१मध्ये मतदानाला आली, दोन्ही वेळा दोन तृतीयांश मतं मिळाली नाहीत. पट्टी तीन खान्यांचीच राहिली आणि मला ते बरं वाटलं.

क्रिकेटची पट्टी हल्ली बघवत नाही. धावगती, लागणारी धावगती, जिंकण्याची टक्केवारी, खाली ठळक जाहिरात; या गर्दीत फलंदाज कुठे उभा आहे ते शोधावं लागतं. बॅडमिंटनची पट्टी अजून सुटसुटीत आहे, कारण दोन रॅलींमध्ये जास्त वाचायला वेळच नसतो.

आता गावोगावचे क्लब आपल्या स्पर्धा फोनवरून यूट्यूबवर दाखवतात. त्यांना एवढंच सांगणं: खेळाडूंची नावं, गेम, गुण आणि सर्व्हिस कुणाची, एवढं कोपऱ्यात येऊ द्या. प्रायोजकांचे फोटो मध्यंतरात दाखवा.