विमानसंघ बदलावा काय? काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

सेंटरव्हिल, नाइल्स, अर्विंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज ही पाच गावे १९५६ साली एकत्र येऊन जे फ्रीमाँट नगर अस्तित्वात आले, तेथे आज अशी मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत की ज्यांच्या संसाराचे एक टोक येथल्या शाळेत आणि कचेरीत, तर दुसरे पुण्याच्या किंवा सांगलीच्या एखाद्या जुन्या घरात अडकलेले असते. साहजिकच विमानप्रवास हा येथे चैनीचा नव्हे, तर नात्याचा विषय आहे. आणि त्यामुळेच डिसेंबरची तिकिटे काढण्याची वेळ आली की ‘इतकी वर्षे स्टार अलायन्सशी इमान राखले, आता वनवर्ल्डकडे जावे काय?’ हा विमान कंपन्यांच्या संघांविषयीचा प्रश्न मनापासून विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. परंतु तो ज्या समजुतींवर उभा असतो त्यांपैकी बऱ्याचशा तपासून घेण्याजोग्या आहेत.

पहिली समजूत अशी, की दर्जा, म्हणजे बोलण्यात आपण ज्याला ‘स्टेटस’ म्हणतो तो, विमानसंघ देतो. वस्तुतः तो देते एकेक विमान कंपनी, आपल्या स्वतःच्या सभासद-योजनेच्या दप्तरातून. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली अशी योजना सुरू केली आणि युनायटेडने त्याच वर्षी तिचे अनुकरण केले, तेव्हा विमानसंघांची कल्पनाही पुढे यायची होती. स्टार अलायन्स १९९७ साली, वनवर्ल्ड १९९९ साली आणि स्कायटीम २००० साली स्थापन झाले. एका कंपनीने दिलेली सनद बाकीच्या सभासद-कंपन्यांनी काही ठरावीक सवलतींपुरती मान्य करावी, एवढाच प्रवाशाच्या दृष्टीने त्या संघटनेचा अर्थ. म्हणून ‘संघ बदलणे’ म्हणजे खरोखरी एक खाते मागे ठेवून दुसऱ्या कंपनीचे खाते नव्याने भरू लागणे होय.

यातूनच दुसरी, अधिक उपयोगाची गोष्ट निष्पन्न होते. ज्या कंपनीच्या विमानात आपण बसतो तिच्याच योजनेत माइल्स जमा केले पाहिजेत असे नाही. लुफ्तान्साने फ्रँकफुर्टमार्गे मुंबईस जाणारा प्रवासी ते युनायटेडच्या, एअर कॅनडाच्या किंवा टर्किशच्या खात्यात जमा करू शकतो. हा भेद केवळ कागदी नाही. युनायटेडचा स्वतःचा गोल्ड सभासद अमेरिकेतल्या निव्वळ देशांतर्गत प्रवासात तिच्या लाउंजमध्ये त्या दर्जाच्या बळावर प्रवेश करू शकत नाही, आणि स्टार अलायन्समधील एखाद्या परदेशी कंपनीचा गोल्ड सभासद मात्र करू शकतो. तेव्हा ज्याला संघ सोडावासा वाटतो त्याने आधी हे पाहावे, की सोडण्याजोगी गोष्ट संघ आहे की केवळ खाते.

सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज मात्र अंतराविषयीचा आहे. सॅन फ्रान्सिस्को ते मुंबई, फ्रँकफुर्टमार्गे, जाऊन येऊन सुमारे साडेएकोणीस हजार मैल होतात. एवढा लांबचा पल्ला दरवर्षी तुडवणाऱ्याला दर्जा मिळालाच पाहिजे, असे कोणालाही वाटेल, आणि एके काळी ते बव्हंशी खरेही होते. परंतु बक्षिसाचे माइल्स डेल्टा आणि युनायटेड यांनी २०१५ साली, व अमेरिकनने पुढच्याच वर्षी, अंतराऐवजी भाड्याच्या रकमेवर बेतले; आणि युनायटेडने २०२० पासून दर्जाचीही मोजदाद खर्चावर नेली. २०२५ सालाकरिता तिच्या गोल्ड दर्जास एक तर १२,००० अर्हता-गुण, किंवा ३० उड्डाणे आणि १०,००० गुण आवश्यक होते. कर वगळता भाड्याच्या एका डॉलरला एक गुण हा सामान्य हिशेब. शाळेच्या सुटीत दीड हजार डॉलरांचे तिकीट काढून माहेरी जाऊन येणाऱ्या गृहिणीच्या पदरात त्यातून किती पडेल, हे सांगण्यास गणितज्ञ नको. भागीदार कंपनीने स्वतः दिलेल्या तिकिटावर हिशेब निराळा असतो: अंतर आणि भाड्याचा वर्ग यांवरून मिळणाऱ्या माइल्सना पाचाने किंवा सहाने भागून गुण काढतात, आणि कधीकधी ते डॉलरांच्या हिशेबापेक्षा सरस ठरतात. तथापि गोल्डचा उंबरठा वर्षाकाठच्या एका वारीने ओलांडला जात नाही. ज्यांचा ओलांडला जातो ते बहुधा कंपनीच्या खर्चाने शिकागो, लंडन, टोकियो अशा खेपा करणारे असतात.

यास्तव संघ बदलण्याचा विचार कोणी करावा, याचे माझे उत्तर मी स्पष्टच देतो. वर्षातून एकदा भारतात जाणाऱ्या कुटुंबाने दर्जाचा नाद सोडून भाडे, वेळ आणि मुक्कामाचा थांबा पाहून तिकीट काढावे. ज्यांच्या वर्षातून दोन वाऱ्या होतात आणि ज्यांचे देशांतर्गत प्रवास पश्चिम किनाऱ्यावरच होतात, त्यांच्यासाठी मात्र एक खरीखुरी वाट उपलब्ध आहे. सॅन होजे, ओकलंड आणि सॅन फ्रान्सिस्को या तिन्ही विमानतळांवरून उडणारी अलास्का एअरलाइन्स २०२१ च्या मार्चअखेर वनवर्ल्डमध्ये दाखल झाली, आणि अंतरावर गुण देण्याची जुनी रीत तिने टाकलेली नाही. तिचा गोल्ड दर्जा ४०,००० गुणांवर मिळतो आणि तो वनवर्ल्डच्या सफायर दर्जाच्या बरोबरीचा धरला जातो. कतार एअरवेजने दोहामार्गे मुंबईस जाऊन येण्याचे सुमारे एकोणीस हजार मैल होतात. मात्र भागीदार कंपनीच्या स्वस्त वर्गाच्या तिकिटावर अंतराचा काही अंशच जमेस धरला जाऊ शकतो. म्हणून तिकीट कोठून काढले आणि त्यावर वर्गाचे कोणते अक्षर आहे, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे, नंतर नव्हे.

आखाती कंपन्यांबद्दलही एक गफलत सर्रास होते. कतार वनवर्ल्डमध्ये २०१३ पासून आहे, म्हणून एमिरेट्स आणि एतिहादही कोठल्या तरी संघात असतीलच, असे गृहीत धरले जाते. त्या दोन्ही कोठल्याच संघात नाहीत. २०२२ साली युनायटेड आणि एमिरेट्स यांच्यात सहकार्याचा करार झाला, पण त्याने एमिरेट्स स्टार अलायन्सची सभासद झाली नाही, आणि स्टारचे गोल्ड कार्ड तिच्या विमानात सनद म्हणून चालत नाही. संघदेखील अचल नसतात: स्टारच्या पाच संस्थापकांपैकी एक असलेली स्कँडिनेव्हियन कंपनी एसएएस सप्टेंबर २०२४ मध्ये स्कायटीममध्ये निघून गेली. एअर इंडिया स्टारमध्ये जुलै २०१४ मध्ये आली आणि तिने सॅन फ्रान्सिस्कोहून मुंबईस थेट सेवा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केली. परंतु थेट मार्ग हवाई हद्दी, विमानांची उपलब्धता आणि धंद्याचा हिशेब यांवर अवलंबून असतात, आणि एका मार्गाच्या भरवशावर वर्षांचे खाते बांधणे धोक्याचे आहे.

आता ज्या गोष्टीसाठी आपल्याकडची माणसे खरोखरी दर्जा मिळवू पाहतात तिच्याकडे वळतो: सामान. स्टार गोल्ड सभासदास अमेरिका-भारत मार्गावर नियमतः एक बॅग अधिक नेता येते. मेतकूट, गोडा मसाला, नातवंडांसाठी शिवलेले परकर-पोलके, कोणा शेजाऱ्याने आग्रहाने दिलेले डिंकाचे लाडू, हे सारे ज्या तिसऱ्या बॅगेत मावते तिचे मोल मी कमी लेखणार नाही. परंतु हा हक्क व्यक्तीचा आहे, कुटुंबाचा नव्हे. मुलाचे गोल्ड कार्ड असले तरी एकट्याने येणाऱ्या आई-बाबांना त्याने एक किलोही अधिक मिळत नाही. लाउंजमध्येही त्याच प्रवासात सोबत असलेल्या एकाच पाहुण्यास नेता येते, म्हणजे आई आत गेल्या तर बाबा बाहेर. विमानतळावर वृद्धांना मिळणारी चाकांची खुर्ची आणि मदतनीस यांचा तर दर्जाशी काहीच संबंध नाही. ज्यास गरज आहे त्यास ती विनामूल्य मिळते, आणि अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने तो हक्क आहे. आई-बाबांच्या सोयीसाठी म्हणून आपला संघ बदलणाऱ्या मुलाने एवढे ध्यानात घेतले, तर त्यांच्यासाठी कमी थांब्यांचे आणि अधिक सामानाचे तिकीट काढणेच त्याला श्रेयस्कर वाटेल.

शेवटचा गैरसमज बदलीचा. जुन्या खात्यातील माइल्स नव्या संघात वर्ग होत नाहीत. युनायटेडचे आणि डेल्टाचे माइल्स मुदत संपून बुडत नाहीत, त्यामुळे ते तेथेच निश्चिंत ठेवावेत. दर्जा मात्र काही कंपन्या जुने कार्ड पाहून तात्पुरता देतात, बहुधा तीनचार महिन्यांपुरता, आणि त्या अवधीत ठरावीक प्रवास केला तरच तो कायम करतात. ही संधी वारंवार मिळत नसल्याने तिची वेळ साधणे महत्त्वाचे. युनायटेडचा दर्जा, मिळवलेल्या वर्षाच्या पुढच्या वर्षानंतर येणाऱ्या ३१ जानेवारीस संपतो. भारताची वारी डिसेंबरात ठरलेली असेल आणि मुदत त्या जानेवारीत संपत असेल, तर ती वारी जुन्याच संघाच्या विमानाने करावी, तिसरी बॅग हक्काने न्यावी, आणि फेब्रुवारी ते मेपर्यंत कामाचे प्रवास समोर दिसत असतील, तर परतल्याबरोबर, जुने कार्ड हयात आहे तोवर, नव्या कंपनीकडे अर्ज रुजू करावा.