विंचू चावल्यावर दरदरून घाम का फुटतो? उत्तर आहे पेशींच्या दारांत

सोलापूर जिल्ह्यातल्या माळरानावर, दगडी बांधावर किंवा सरपणाच्या ढिगाशी काम करणाऱ्यांना विंचू नवा नाही. विंचू चावला की ठणका लागतो, हे सगळ्यांनाच माहीत असते. पण काही जणांच्या बाबतीत वेगळेच घडते. दरदरून घाम फुटतो, लाळ सुटते, उलट्या होतात आणि हात-पाय गार पडतात. संत एकनाथांच्या विंचवावरच्या भारुडातही अंगाला घाम सुटल्याचा उल्लेख आहे.

नांगी टोचते पायाच्या बोटाला, मग घाम कपाळाला का? याचे उत्तर शोधताना मेंदूच्या पेशी एकमेकींशी कशा बोलतात, तेही समजते.

संदेश जातो कसा?

मेंदू आणि नसा ज्या पेशींच्या बनलेल्या असतात, त्यांना चेतापेशी म्हणतात. चेतापेशीच्या आवरणात प्रथिनांची अतिसूक्ष्म दारे असतात. त्यांना आयन चॅनेल म्हणतात. सोडियमचे दार उघडले की बाहेरचे विद्युतभारित सोडियम कण आत घुसतात आणि विजेची लहर पुढे सरकते. हे दार साधारण एक सहस्रांश सेकंदच उघडे राहते आणि आपोआप मिटते. मग पोटॅशियमची दारे उघडतात आणि पेशी पूर्ववत होते.

लहर पेशीच्या टोकाला पोहोचली की तिथून न्यूरोट्रान्समीटर, म्हणजे संदेशवाहक रसायन, बाहेर पडते. ते मधली बारीक फट ओलांडून पुढच्या पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटते. काही रिसेप्टर स्वतःच आयन चॅनेल असतात आणि लगेच उघडतात. काही पेशीच्या आत निरोप देऊन सावकाश काम करतात.

गंमत म्हणजे रसायनाला स्वतःचा ठरलेला अर्थ नसतो. ॲसिटिलकोलीन हातापायाच्या स्नायूला आकुंचन पावायला लावते, तर हृदयाची गती कमी करते. रसायन तेच, रिसेप्टर वेगळे. निरोपाचा अर्थ घेणाऱ्याच्या दारावर ठरतो.

लाल विंचू काय बिघडवतो?

उसाला दारे धरणाऱ्या शेतकऱ्याला हे पटकन समजेल. सरी भरली की मातीचा बांध घालून तिचे तोंड बंद करावे लागते. तोंड बंदच झाले नाही, तर तेच पाणी पीक बुडवते.

कोकणापासून दख्खनच्या पठारापर्यंत आढळणाऱ्या लाल विंचवाचे विष नेमके हेच करते. त्यातली काही द्रव्ये नसांमधल्या सोडियम चॅनेलला वेळेवर मिटू देत नाहीत. नस पुन्हा पुन्हा पेटत राहते. घाम, लाळ, हृदय आणि रक्तवाहिन्या यांचे काम पाहणाऱ्या नसांच्या टोकांतून ॲसिटिलकोलीन आणि नॉरॲड्रिनॅलीन यांचा पूर येतो. विष रक्तातून शरीरभर पोहोचते, म्हणून बोटाला चावलेल्या विंचवाने कपाळाला घाम फुटतो.

खरा धोका पुढे असतो. नॉरॲड्रिनॅलीन रक्तवाहिन्यांवरच्या 'अल्फा-1' रिसेप्टरना चिकटते आणि त्या आवळतात. हात-पाय गार पडतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साठते. मृत्यू येतो तो बहुतेकदा यामुळे.

महाडमध्ये सापडलेला उपाय

विंचवाने आधीच उघडी ठेवलेली दारे मिटवता येत नसतील, तर पुढची दारे बंद करता येतील का? ते करून दाखवले रायगड जिल्ह्यातल्या महाड परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. 1970 च्या दशकापासून ते विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवत होते. प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध अल्फा-1 रिसेप्टर अडवते. नॉरॲड्रिनॅलीनचा पूर आला तरी त्याला शिरायला दार मिळत नाही. प्राझोसिनचा त्यांचा अनुभव 1986 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. फुप्फुसांत पाणी झालेल्या रुग्णांपैकी पूर्वी 25 ते 30 टक्के दगावत. नंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले.

2011 मध्ये 70 रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्राझोसिनसोबत प्रतिविष मिळालेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. फक्त प्राझोसिन मिळालेल्या 35 पैकी 8 जण. प्रतिविष विषालाच निकामी करते, प्राझोसिन त्याचा परिणाम अडवते. 2022 मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री जाहीर झाली.

हीच दारे मेंदूतही

मेंदूतल्या पेशीही अशाच दारांवर चालतात. ग्लुटामेट हे रसायन पुढच्या पेशीला चेतवते, तर गाबा तिला शांत करते. या दोघांचा तोल गेला आणि पेशींचे मोठे समूह एकदम पेटले की फिट येते. फिटवरचे फेनिटॉइन हे औषध सोडियम चॅनेलला मिटलेल्या स्थितीत जास्त वेळ ठेवते, म्हणजे विंचवाच्या विषाच्या बरोबर उलट. डायझेपाम गाबाच्या रिसेप्टरला साथ देऊन पेशी शांत करते.

लाल विंचवाने संशोधकांना एक हत्यारही दिले. त्याच्या विषातून वेगळे केलेले आयबेरिओटॉक्सिन एका विशिष्ट पोटॅशियम चॅनेललाच अडवते. हे चॅनेल मेंदूच्या पेशींत रसायन सोडण्यावर लगाम ठेवते. लगाम काढला तर काय होते, हे पाहण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा हे द्रव्य वापरतात.

विंचू चावला तर

नुसता तीव्र ठणका असेल तर धोका सहसा कमी असतो. डॉक्टर दंशाच्या जागी लिग्नोकेनचे इंजेक्शन देऊ शकतात. तेही सोडियम चॅनेल बंद करूनच वेदना थांबवते. मात्र घाम, उलट्या, लाळ, गार हात-पाय किंवा धाप यांपैकी काहीही दिसले, तर तातडीने रुग्णालय गाठावे. लहान मुलाला विंचू चावला असेल तर लक्षणांची वाट पाहू नये. आवळून बांधणे, चिरा देणे, मंत्र-उतारा यांत वेळ घालवू नये. प्राझोसिन मनाने घेऊ नये, कारण त्याने रक्तदाब एकदम उतरू शकतो. दंश कधी झाला आणि घाम कधी सुटला, ही वेळ डॉक्टरांना सांगावी. उपचार ठरवताना तिचा उपयोग होतो.