दाढीच्या यंत्राची निगा

पेरणी आटोपली की शेतकरी फाळ पुसून, त्याला तेल लावून औत आडोशाला ठेवतो. विळा आणि कोयताही तो पावसात टाकत नाही. पण रोज वापरातले दाढीचे यंत्र मात्र फेसासकट न्हाणीच्या कोनाड्यात पडून राहते. मग दोनचार दाढ्यांतच पाते ओढू लागते, हनुवटीवर ओरखडे उठतात आणि दोष पात्याला दिला जातो.

दुहेरी धारेचे पाते जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीचे असते. यंत्राची वरची टोपी आणि खालची दातेरी पट्टी यांच्यामध्ये ते किंचित वाकून घट्ट बसते. त्याच्याखाली साबण आणि केस साचले की ते एका अंगाला उचलले जाते. त्या बाजूची धार जास्त बाहेर येते आणि तीच कापते. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन गृहस्थाने १९०४ साली अशा यंत्राचे पेटंट मिळवले. त्यामागचा विचार साधा होता : पाते बदलत जावे, मूठ टिकावी. चांगले पितळी यंत्र नीट सांभाळले तर वर्षानुवर्षे काम देते.

पाण्याचा फरक

आज पुष्कळ कुटुंबांतली काही माणसे शेतावर, तर काही मुंबईकडे नोकरीला असतात. मुलुंडला राहणारा मुलगा सुटीत गावी आला की म्हणतो, “इथे रेझर लवकर खराब होतो.” त्याचे म्हणणे खरे असते. मुलुंडच्या नळाला तानसा, वैतरणा, भातसा या धरणांकडचे पाणी येते. ते पावसाचे साठवलेले पाणी असल्याने त्यात क्षार कमी असतात. आपल्याकडे पठारावर विहिरीचे, विशेषतः बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. त्यातला चुना साबणाशी मिळून पांढरा चिकट थर तयार होतो. फवारणी पंपाचे नोझल अशाच पाण्याने तुंबते, हे आपण पाहतोच. मुलुंडकरांची अडचण वेगळी असते. तिथल्या पावसाळी दमट हवेत ओले राहिलेले यंत्र गंजते. तेव्हा गावात थर काढण्याकडे आणि मुंबईत यंत्र कोरडे ठेवण्याकडे जास्त लक्ष द्यावे.

रोजची निगा

दाढी झाल्यावर मूठ अर्धा फेरा सैल करावी आणि यंत्र पाण्याच्या धारेखाली धरावे, म्हणजे अडकलेले केस निघून जातात. पाणी झटकून टाकावे, मूठ पुन्हा आवळावी आणि यंत्र हवेशीर, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंच जागी ठेवावे. धार टॉवेलने पुसू नये. त्याने धार बोथटते आणि बोटही कापते.

पंधरवड्याची सफाई

पाते काढताना ते धार नसलेल्या आखूड टोकांना धरावे. यंत्राचे भाग सुटे करून साबणाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवावेत. दात घासण्याच्या जुन्या ब्रशाने खाचा आणि मुठीचे आटे घासावेत. पांढरा थर उरला तर कपभर पाण्यात एका लिंबाचा रस घालून पितळी यंत्र त्यात दहा मिनिटे बुडवावे आणि लगेच स्वच्छ धुवावे. रात्रभर ठेवू नये. मुलामा उडालेल्या किंवा हलक्या मिश्रधातूच्या यंत्राला आंबट पदार्थ लावू नयेत. सगळे भाग कोरडे करून आट्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्यावा. खोबरेल तेल थंडीत थिजते, म्हणून ते टाळावे.

भांड्यांबरोबर यंत्रही राखेने किंवा तारेच्या घासणीने घासू नये. मुलाम्यावर चरे पडतात आणि तिथूनच गंज धरतो. धुण्याच्या सोड्याने ॲल्युमिनियमची मूठ खराब होते. यंत्र हातातून पडले असेल, तर पाते दोन्ही बाजूंनी सारखे बाहेर दिसते का, ते पाहावे. दाते वाकले असतील तर ते यंत्र वापरू नये.

ज्याचे त्याचे पाते

बापलेकांनी किंवा भावाभावांनी एकच यंत्र वापरण्याची पद्धत अजून काही घरांत आहे. ती बंद करावी. बारीक ओरखड्यातून पात्याला रक्त लागते. हेपॅटायटिस बी या काविळीचे विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहू शकतात. पाते नुसते धुतल्याने ही जोखीम टळत नाही. केशकर्तनालयातही नवे पाते आपल्यासमोर लावायला सांगावे. त्यात संकोच कसला?

जुने पाते कुठे टाकावे?

सर्वांत मोठे नुकसान होते ते टाकून दिलेल्या पात्याने. उकिरड्यात गेलेले पाते शेणखताबरोबर शेतात पोचते. निंदणी करणाऱ्या बाईचा हात किंवा अनवाणी पाय कापतो आणि धनुर्वाताची भीती असते. गाईम्हशी चारा पुरता न चावता गिळतात. त्यातून पोटात गेलेली खिळा, तार, पाते अशी धारदार वस्तू जाळीदार कप्प्यात अडकते. ती कधी पोट भेदून हृदयापर्यंतही पोचते. दुभते जनावर अशाने हातचे जाते.

शहरातही तेच होते. मुलुंडच्या कचराभूमीवर १९६७ पासून २०१८ पर्यंत मुंबईचा कचरा टाकला जात होता. अशा ठिकाणी ओल्या कचऱ्यात मिसळलेले पाते शेवटी भंगार वेचणाऱ्याच्याच हाताला लागते.

यावर उपाय अगदी स्वस्त आहे. पत्र्याचा एक रिकामा डबा घ्यावा. कीटकनाशकाचा मात्र घेऊ नये. त्याच्या झाकणाला पाते जाईल एवढी चीर पाडावी, झाकण चिकटपट्टीने पक्के करावे आणि जुनी पाती त्यात टाकत जावी. डबा भरायला काही वर्षे लागतील. भरल्यावर चीर बंद करून वर “धारदार पाती” असे लिहावे आणि आत काय आहे ते सांगूनच तो कचरा नेणाऱ्याच्या स्वाधीन करावा. पुढचे पाते बदलण्याआधी हा डबा तयार ठेवावा.