ज्यांना कुणी विचारलंच नाही

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात ५ जून १९८१ रोजी एक छोटं टिपण आलं. लॉस एंजेलिसमधले पाच तरुण, एरवी धडधाकट, न्यूमोसिस्टिसच्या न्यूमोनियाने आजारी पडले होते. त्यांतले दोघे दगावले होते. प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्याला हा न्यूमोनिया सहसा होत नाही. डॉ. मायकेल गॉटलिब आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली : पाचही जण समलिंगी. महिन्याभरात न्यूयॉर्क-कॅलिफोर्नियातल्या २६ समलिंगी पुरुषांत कापोसी सार्कोमा हा विरळा कर्करोग आढळल्याचं प्रसिद्ध झालं. हाच रोग पुढे एड्स म्हणून ओळखला गेला. 'गे लोकांचा रोग' म्हणून या माणसांची अतोनात बदनामी झाली. तरीही त्यांना आपल्याविषयी डॉक्टरांशी बोलता आलं, म्हणून धागा जुळला, हे विसरता येत नाही.

आपल्याकडे तो जुळला नाही. मद्रासच्या मराठी गायतोंडे कुटुंबातल्या डॉ. सुनीती सॉलोमन हे सगळं वाचत होत्या. रोग भारतात पोचलाय का, हे तपासायचं तर समलिंगी पुरुष शोधायचे कुठे? दंडसंहितेच्या कलम ३७७ खाली ते गुन्हेगार; आपणहून पुढे येणार कोण? म्हणून शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांची तपासणी करायचं ठरलं. त्यांची विद्यार्थिनी निर्मला हिने सुधारगृहातल्या बायकांचं रक्त घेतलं, नमुने घरच्या फ्रिजमध्ये ठेवले आणि रात्रीच्या गाडीने वेल्लोरला नेले. १९८६च्या फेब्रुवारीत, एलायझा चाचणीत, सहा नमुने पिवळे पडले, म्हणजे त्यांत एचआयव्हीची लागण दिसली. निर्मलाची चिकाटी थोरच. पण कोंडलेल्या बायकांना नकार द्यायची सोय कितपत होती? आणि पुरुष, ते तर या नकाशाबाहेरच राहिले.

गोव्यात ओळख पटणं म्हणजे अटकच ठरली. डॉमिनिक डिसूझा हा नेमाने रक्तदान करणारा तरुण. १९८९च्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्याला बोलावून घेतलं. आपल्याला काय झालंय हे त्याला कुणी सांगितलं नाही. इस्पितळातल्या नोंदवहीत 'एड्स' हा शब्द आणि आपलं नाव दिसलं तेव्हा उलगडा झाला. म्हापशाच्या जुन्या क्षयरोग इस्पितळात त्याला ६४ दिवस डांबलं. आई लूसी मुंबई उच्च न्यायालयात गेली, आनंद ग्रोव्हर यांनी बाजू मांडली. डॉमिनिक सुटला, पण अशा रुग्णांना वेगळं डांबायची मुभा देणारा गोव्याचा कायदा न्यायालयाने वैधच ठरवला. 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी करणारा हा माणूस मे १९९२मध्ये गेला. त्याच्या आयुष्यावर बेतलेल्या 'माय ब्रदर निखिल' या चित्रपटाचा नायक समलिंगी आहे. त्या वेळच्या खटल्यात मात्र हा विषय नव्हताच.

मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९०मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगींसाठीचं नियतकालिक काढलं, १९९४मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला. वाकोल्याच्या महापालिकेच्या इमारतीत त्याला जागा मिळाली. कायद्याने ज्यांना गुन्हेगार ठरवलं, त्यांच्याच आरोग्यासाठी पालिकेने दार उघडलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध ३७७मधून वगळले. चारच दिवसांनी एचआयव्ही-एड्स कायदा लागू झाला. संमतीशिवाय चाचणी नाही, नोकरीत भेदभाव नाही. सरकारी केंद्रात तपासणी मोफत आहे. पण तिथे आलेला, लग्न झालेला, दोन मुलांचा बाप 'माझे पुरुषांशी संबंध आहेत' असं समुपदेशकाला सांगू शकतो का, यावर त्याचं निदान वेळेत होणार की फुप्फुसं निकामी होत आल्यावर, हे ठरतं.