चेहऱ्यावरचा डाग आला कुठून?

मासवणमध्ये एखादीच्या गालावर काळसर डाग उमटला, तर पहिला सल्ला डॉक्टरांकडून क्वचितच मिळतो. पालघर-मनोर रस्त्यावर गाडीची वाट पाहताना शेजारीण तो देते, बोईसरच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत बरोबरीच्या मुली देतात, नाहीतर मेडिकलच्या काउंटरवरून तो मिळतो. अमुक ट्यूब लाव, आठ दिवसांत फरक पडेल. पुष्कळदा आठ दिवसांत चेहरा खरोखर उजळतोही. पण डाग कशामुळे आला हे कुणी विचारलेलं नसतं, आणि आता मूळ डागावर ट्यूबचा परिणाम चढलेला असतो. पुढे डॉक्टरांपुढे बसल्यावर दोन्ही गोष्टी वेगळ्या काढणं अवघड होऊन बसतं.

चेहरा हा शरीराचा सर्वांत उघडा भाग. लावणीच्या दिवसांतलं ऊन, कंपनीतली वाफ आणि धूळ, कपाळावरची टिकली, केसांचा रंग, डोक्याचं तेल, पार्लरमधली क्रीम, पोटात घेतलेली गोळी, शरीरात लपलेला एखादा आजार, या सगळ्यांची खूण तिथेच उमटू शकते. म्हणून चेहऱ्यावरच्या डागावर एकच एक औषध असू शकत नाही. आधी कारण शोधावं लागतं, आणि या शोधातलं पहिलं साधन म्हणजे नीट विचारलेले प्रश्न.

जागा आणि रंग काय सांगतात

त्वचारोगतज्ज्ञ आधी डागाची जागा पाहतात. दोन्ही गालांवर, कपाळावर आणि वरच्या ओठावर सारखे पसरलेले तपकिरी डाग असतील, तर ते बहुधा वांग असतात. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, घरात आईला किंवा मावशीला वांग असणं आणि ऊन ही त्याची नेहमीची कारणं. केसांच्या कडेने, कानांपुढे आणि मानेवर काळेपणा असेल, तर संशय केसांच्या रंगावर किंवा तेलावर जातो. कानशिलं आणि गालफडांच्या कडा काळ्या, जाडसर, मखमलीसारख्या झाल्या असतील आणि मानेवरही तसंच दिसत असेल, तर क्रीम शोधण्याऐवजी वजन आणि रक्तातली साखर तपासायला हवी. इन्सुलिनचा परिणाम शरीरावर नीट होत नसल्याची ती खूण असते. लिंबू चोळून उन्हात गेल्यावर पडलेले डाग रस जिथे ओघळला तिथेच उमटतात.

रंगालाही अर्थ असतो. मेलॅनिन हे रंगद्रव्य त्वचेच्या वरच्या थरात साठलं की डाग तपकिरी दिसतो. तेच खालच्या थरात उतरलं की तो राखाडी किंवा निळसर दिसतो आणि जायला फार वेळ लागतो. हा फरक पाहायला वुड्स लॅम्प नावाचा अतिनील प्रकाशाचा दिवा आणि त्वचा मोठी करून दाखवणारं डर्मोस्कोप वापरतात. तरीही उलगडा झाला नाही, तरच त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासतात.

साठ वर्षं न सुटलेलं कोडं

कारण शोधणं किती कठीण असतं आणि सापडल्यावर किती माणसं वाचतात, याचा उत्तम दाखला १९१७ सालचा आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात व्हिएन्नामध्ये गुस्टाव्ह रील या त्वचारोगतज्ज्ञांकडे चेहरा काळवंडलेले रुग्ण येऊ लागले. युद्धामुळे अन्न निकृष्ट झालं होतं, म्हणून दोष अन्नाला दिला गेला. आजाराला रील यांचं नाव मिळालं, पण कारण धूसरच राहिलं.

उलगडा झाला १९७०च्या दशकात, जपानमध्ये. तिथल्या अनेक स्त्रियांचे चेहरे असेच काळवंडत होते. हिदेओ नाकायामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या स्त्रियांच्या प्रसाधनांतल्या घटकांच्या पॅच टेस्ट केल्या. काही सुगंधी द्रव्यं आणि लाल रंगातली सुदान-१ नावाची अशुद्धी दोषी निघाली. हे घटक टाळून केलेली प्रसाधनं आणि साबण वापरल्यावर चेहरे हळूहळू निवळले. १९७७ पासून तिथल्या मोठ्या कंपन्यांनी असे घटक काढायला सुरुवात केली, आणि नवे रुग्ण झपाट्याने कमी झाले.

या ॲलर्जीत खाज किंवा लाली जवळजवळ नसते. त्रासच होत नाही, म्हणून रोज वापरायच्या वस्तूवर कुणी संशय घेत नाही. आपल्याकडे केसांच्या काळ्या रंगातलं पीपीडी नावाचं रसायन, कुंकवातले कृत्रिम रंग आणि सुगंधी तेलं असंच वागू शकतात. टिकलीच्या गोंदातलं एक रसायन तर उलटच करतं: रंग बनवणाऱ्या पेशी मारून कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग पाडतं.

पॅच टेस्टमध्ये संशयित घटकांचे कण पाठीवर चिकटवतात, ते ४८ तास ठेवतात आणि तेव्हा व पुन्हा साधारण ९६ तासांनी त्वचा पाहतात. तपासणी साधी आणि सुईशिवायची आहे. पण तिच्यासाठी दोन-तीन खेपा लागतात आणि तेवढे दिवस पाठ कोरडी ठेवावी लागते. रोज हजेरीवर काम करणाऱ्या बाईला प्रत्येक खेपेला मजुरी बुडवावी लागते. तपासणी अर्धवट सुटते ती याच कारणाने, आणि त्याचा दोष रुग्णाच्या निष्काळजीपणाला देणं अन्यायाचं आहे.

काम काय करता?

१७०० साली बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. प्रत्येक रुग्णाला त्याचं काम विचारावं, असा त्याचा आग्रह होता. तारापूर औद्योगिक क्षेत्राच्या सावलीत राहणाऱ्या गावांत हा प्रश्न आजही सर्वांत आधी यायला हवा. रसायनं, रंग, औषधं, कापड आणि पोलाद यांचे कारखाने इथे शेजारीशेजारी आहेत. डांबरासारख्या काही पदार्थांचा अंश त्वचेवर राहिला आणि त्यावर ऊन पडलं, की भाजल्यासारखं होऊन मागे काळे डाग उरतात.

कारखान्यातलं कारण शोधण्याची रीत १९३९ सालीच दिसली. अमेरिकेतल्या एका कातडी कारखान्यात कामगारांच्या हातांवर पांढरे डाग पडू लागले. डागांची हद्द रबरी हातमोज्यांशी जुळत होती. रबर टिकावं म्हणून मिसळलेलं हायड्रोक्विनोनच्या जातीचं रसायन त्याला कारण निघालं. ज्या मोज्यांनी संरक्षण द्यायचं, त्यांनीच रंग नेला होता.

म्हणून प्रश्न नेमके हवेत. त्रास कोणत्या खात्यात बदली झाल्यावर सुरू झाला? दिवाळीच्या सुट्टीत कमी होतो का? बरोबरीच्या कुणाला तसंच झालं आहे का? रसायनांशी आणि रंगांशी संपर्काने होणारा त्वचादाह १९४८च्या कारखाने कायद्यातल्या, कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत होता. राज्य कामगार विमा योजनेतही व्यावसायिक त्वचारोगांना जागा आहे. पण कागदावर ‘ॲलर्जी’ एवढंच लिहिलं आणि कामाचा उल्लेखच राहिला, तर यातलं काहीच कामगाराच्या हाती लागत नाही.

उपचारच आजार होतो तेव्हा

आता त्या ट्यूबकडे येऊ. मेडिकलमधून सहज घेतल्या जाणाऱ्या अनेक ट्यूबमध्ये तीव्र स्टिरॉइड असतं. पहिल्या आठवड्यात चेहरा गोरा दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, तांबड्या शिरा दिसू लागतात, पुरळ येतं, लव वाढते. ट्यूब थांबवली की चेहरा भडकतो, म्हणून माणूस ती पुन्हा लावतो. त्वचारोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं आवाज उठवल्यावर २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या १४ स्टिरॉइडांवर चिठ्ठीची सक्ती केली. सक्ती कागदावर आली तरी मागणी थांबलेली नाही.

रंग उतरवणारं हायड्रोक्विनोन डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरावीक काळ वापरलं तर उपयोगी असतं. वर्षानुवर्षं लावलं, की काही जणांच्या गालांवर निळसर-काळे, खरखरीत ठिपके कायमचे बसतात. दक्षिण आफ्रिकेत १९७५ साली फिंडले या त्वचारोगतज्ज्ञांनी ही अवस्था नोंदवली. डाग वाढला असं समजून तिथल्या बाया आणखी क्रीम लावत होत्या.

सर्वांत घातक आहे तो पारा. २०२३च्या सुरुवातीला अकोल्यातली घटना महाराष्ट्रासमोर आली. एकाच घरातल्या तीन स्त्रियांच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती. तिघीही पार्लरमधून आणलेली एकच क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात धागे जुळले आणि क्रीममध्ये पारा सापडला. केरळच्या कोट्टक्कलमध्ये जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ दरम्यान मूत्रपिंडाच्या एका आजाराचे २२ रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी १५ जणांत एक विशिष्ट प्रकार आढळला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं करणाऱ्या क्रीम वापरत होते. भारतात अशा प्रसाधनात नकळत राहिलेल्या पाऱ्याची कमाल मर्यादा दहा लाख भागांत १ भाग एवढीच आहे. बिनलेबलच्या डबीत किती पारा आहे, हे डोळ्यांना दिसत नाही.

या साऱ्या प्रकरणांत उत्तर सापडलं ते एकाच प्रश्नाने: तुम्ही चेहऱ्याला काय लावता?

डाग त्वचेपुरता नसतो तेव्हा

पालघर हा राज्यात कुष्ठरोगाचं प्रमाण जास्त असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर कमी झालेली संवेदना, जाड झालेल्या कानाच्या पाळ्या या खुणा आशाताईंना पाठ असतात. पण चेहऱ्यावर नसांचं जाळं दाट असल्याने तिथल्या चट्ट्यावर संवेदना शाबूतही असू शकते. टोचलेलं कळतं, म्हणजे कुष्ठरोग नाही, असा निष्कर्ष चेहऱ्याच्या बाबतीत काढू नये. उलट लहान मुलांच्या गालांवरचे फिकट, कोरडे चट्टे बहुधा निरुपद्रवी असतात. त्यांचा संबंध जंतांशी किंवा कॅल्शियमशी लावून औषधं देत राहण्यात अर्थ नाही.

कुष्ठरोगाच्या उपचारातल्या क्लोफॅझिमिनने त्वचा तांबूस-काळी होते. औषध संपल्यावर काही महिन्यांनी रंग निवळतो. हे आधी सांगितलं नाही, तर घाबरून किंवा लोक ओळखतील या भीतीने रुग्ण गोळ्या सोडतो. आता कमी चट्टे असलेल्या रुग्णांनाही क्लोफॅझिमिनसह तीन औषधांचा उपचार लागू झाला आहे, त्यामुळे ही आगाऊ सूचना जास्तच गरजेची झाली आहे.

चेहऱ्यासोबत हिरड्या आणि तळव्यांच्या रेषा काळ्या पडत असतील, वजन घटत असेल, उभं राहिल्यावर भोवळ येत असेल, तर ॲडिसनचा आजार तपासावा. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी निकामी झाल्याने तो होतो, आणि आपल्या देशात क्षयरोग हे त्याचं महत्त्वाचं कारण आहे. बोटांच्या पेरांवर काळेपणा आणि जिभेची जळजळ असेल, तर ब-१२ जीवनसत्त्व पाहावं.

आता काय करावं

स्वतःहून सुरू केलेली कोणतीही नवी क्रीम, घरगुती लेप आणि घासणी थांबवावी. स्टिरॉइडची ट्यूब बरेच दिवस लावली असेल, तर मात्र ती डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडावी. डाग दिसला त्या महिन्यापासून दिवसाच्या उजेडात एकाच जागी फोटो काढून ठेवावेत. तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या ट्यूब, तेलं, साबण, टिकल्या, केसांच्या रंगाची पाकिटं आणि गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत भरून न्याव्यात. लाज वाटते म्हणून पार्लरची डबी घरी ठेवू नये. पायांवर सूज किंवा लघवीला फेस येत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मासवणच्या माणसाला त्वचारोगतज्ज्ञासाठी पालघर, बोईसर किंवा थेट मुंबई गाठावी लागते. म्हणून पहिले प्रश्न गावातच विचारले जायला हवेत. काम कोणतं, चेहऱ्याला काय लावता, गोळ्या कोणत्या घेता, डाग कधीपासून, घरात किंवा कामावर आणखी कुणाला, असा एका पानाचा तक्ता प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात भरता येईल. तोच ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवरून तज्ज्ञांपर्यंत पोहोचेल. महिन्यातून एकदा पॅच टेस्टची सोय तालुक्यात आली, तर हजेरी बुडवून होणाऱ्या खेपाही कमी होतील. यासाठी मोठी यंत्रं लागत नाहीत. आरोग्य विभागाने ठरवलं तर हे काम येत्या पावसाळ्याआधी सुरू होऊ शकतं, आणि आपण नागरिकांनी ग्रामसभेत ते मागितलं पाहिजे.