पोकर शिकताय? आधी पॅक व्हायला शिका

आयव्हीच्या ट्रेनमध्ये किंवा दिवाळीत मित्राच्या गच्चीवर तीनपत्तीचा डाव तुम्ही कधीतरी मांडला असेलच. म्हणजे पोकर तुम्हाला निम्मा येतो. उरलेला निम्मा वेळ तीनपत्तीच्या सवयी मोडण्यात जातो.

पोकरचे प्रकार बरेच, पण सगळ्यात जास्त खेळला जातो तो टेक्सास होल्डेम. 'कसिनो रोयाल' सिनेमात जेम्स बाँड खेळतो ना, तोच. प्रत्येकाला दोन पानं उपडी मिळतात, ती फक्त त्याची. मग टेबलावर सगळ्यांसाठी पाच पानं उघडतात : आधी एकदम तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), शेवटी आणखी एक (रिव्हर). या सात पानांतून ज्याची पाच पानं भारी, त्याचा डाव. वाटप झाल्यावर आणि दर टप्प्याला पानं उघडल्यावर पैसे लावायची फेरी होते. आधी कुणी लावलं नसेल तर 'चेक' म्हणून पुढे जाता येतं. लावलं असेल तर तेवढंच भरा (कॉल), वाढवा (रेज) किंवा पानं टाका (फोल्ड). आपल्या भाषेत, पॅक!

'ब्लाइंड' शब्द मात्र हमखास फसवतो. इथे त्याचा अर्थ पानं न बघता खेळणं असा नाही. वाटणाऱ्याच्या डावीकडच्या दोघांनी वाटपाआधीच सक्तीने लावायची रक्कम म्हणजे ब्लाइंड.

दुसरा घोळ कलरचा. तीनपत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो, पोकरमध्ये उलट. का? ५२ पानांतून पाच पानांचे २५,९८,९६० संच होतात. त्यांत साधे सिक्वेन्स १०,२०० आणि साधे कलर ५,१०८. जे कमी वेळा येतं ते भारी, बस्स. खालून वर क्रम असा : हाय कार्ड, एक जोडी, दोन जोड्या, तीन सारखी, सिक्वेन्स, कलर, फुल हाउस (तीन सारखी अधिक एक जोडी), चार सारखी आणि प्युअर सिक्वेन्स. तीनपत्तीत सगळ्यांचा बाप असलेला ट्रेल इथे मधेच कुठेतरी लटकतो, बिचारा.

आता खरी गंमत. रोख बाजूला ठेवा, चिंचोके घ्या. (मोबाइलवर पैसे लावायचा विचार असेल तर तो सोडाच. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे, पोकरही त्यात आला.) समजा, तुमच्या हातात दोन बदाम आहेत, टेबलावरच्या चार पानांत आणखी दोन. एक बदाम आला की कलर! न दिसलेली पानं ४६, त्यात बदाम ९. म्हणजे साधारण पाचात एकदा. मधे ८० चिंचोके आहेत आणि समोरच्याने २० लावले. २० भरून १०० मिळू शकतात, तर खुशाल कॉल करा. पण त्याने ८० लावले तर? ८० भरून १६०, म्हणजे जेमतेम दुप्पट. पाचात एकदा लागणाऱ्या पानासाठी हा सौदा महाग आहे. पॅक व्हा.

आणि इथेच बहुतेक जण अडकतात. 'इतके घातलेत, आता कशाला सोडायचं?' अहो, मधे पडलेले चिंचोके तुमचे राहिलेलेच नाहीत. हिशोब फक्त पुढच्या भरण्याचा करायचा. नवखा खेळाडू ओळखायचा तो यावरूनच, त्याला प्रत्येक डावात शेवटपर्यंत बसायचं असतं. सुरुवातीच्या दोन पानांत दुर्री-सत्ती आली तर सरळ टाकून द्या आणि बाकीचे कसे खेळतात ते बघत बसा. कोण कधी वाढवतो, कोण पानं पुन्हा पुन्हा उचलून बघतो, हे तेव्हाच नीट दिसतं.

ब्लफ मग याच माहितीवर मारायचा. तुम्ही वाढवलंत आणि बाकी सगळे पॅक झाले, तर डाव तुमचा. पानं दाखवायची सक्ती नाही. गँग कितीही मागे लागली, तरी ती तशीच उपडी गड्डीत सरकवा आणि पुढचा डाव वाटायला घ्या.