विषारी केंडाची बिनपहाऱ्याची अंडी

कोकणात केंड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, डिवचल्यावर पोट फुगवणाऱ्या माशांच्या कुळातील कँथिगास्टर व्हॅलेंटिनी ही जाती लाल समुद्रापासून मध्य पॅसिफिकमधील बेटांपर्यंत प्रवाळभित्तींवर आढळते. तिची लांबी जेमतेम ११ सेंटिमीटर असून पांढुरक्या अंगावर खोगिरासारखे चार काळपट पट्टे असतात, त्यांपैकी मधले दोन पोटापर्यंत उतरतात. मज्जातंतूंतील सोडियमचे मार्ग रोखून स्नायू लुळे पाडणारे टेट्रोडोटॉक्सिन हे विष अंगी असल्याने हा संथ पोहणारा मासा भरदिवसा उघड्यावर वावरतो.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरील लिझार्ड बेटापाशी विल्यम ग्लॅडस्टन यांनी १९८०च्या दशकात या जातीच्या विणीचे बारकाईने निरीक्षण केले. एका नराच्या हद्दीत अनेकदा एकाहून अधिक माद्या राहतात. विणीच्या दिवशी मादी शैवालाचे झुबके तोंडाने चाचपत जागा निवडते, नर तिच्या अंगाशी येतो आणि अंडी त्या झुबक्यात ठेवली गेली की दोघेही आपापल्या वाटेने निघून जातात. जेथे डॅमसेलमाशाचा नर घातलेल्या अंड्यांवर डोळ्यांत तेल घालून पहारा करतो, तेथे ही बेफिकिरी आईबापांचा निष्काळजीपणा वाटावी. परंतु अंडी व त्यांतून बाहेर पडणारी पिल्लेही इतर माशांना खाण्यास अरुचकर असल्याचे ग्लॅडस्टन यांना आढळले, आणि ज्याची राखण विषच करते त्यावर पालकांनी वेळ दवडण्याचे कारण उरत नाही.

या दरार्‍याचा लाभ पॅराल्युटेरस प्रायोन्युरस हा बिनविषारी फाइलफिशही उठवतो. रंग व पट्टे त्याने इतके हुबेहूब उचललेले आहेत की ओळख पटवायची तर पर पाहावे लागतात: केंडाचे पाठीवरचे व पोटाखालचे पर आखूड बुडाचे, तर फाइलफिशचे शेपटीच्या दिशेने लांबवर पसरलेले असतात. याच बेटावर ज्युलियन केली व डॉल्फ श्लुटर यांनी केंडाच्या कृत्रिम प्रतिकृती पाण्यात ठेवून शिकारी माशांचे वर्तन तपासले. २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार मासेखाऊ मासे केंडासारख्या दिसणाऱ्या प्रतिकृती टाळत होते आणि अपुऱ्या साम्यालाही काही प्रमाणात संरक्षण मिळत होते. म्हणजे या अनुकृतीच्या पहिल्या, ओबडधोबड पायरीवरही नकलाकाराचा जीव वाचण्याची शक्यता वाढली असणार.